अप्पा म्हणाले, आकडे उलटे लागलेत का रे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी पहिल्यांदाच ताईकडे गेलो होतो, बॉस्टनपासून तासाभरावर त्यांचं गाव आहे, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी दाजी गाडीत पेट्रोल भरायला थांबले तेव्हा मी सवयीने आधी रेटचा बोर्ड बघितला. ट्रकवाल्याच्या घरात वाढलेला माणूस कुठेही गेला तरी पंपाचा बोर्ड वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तर त्या बोर्डावर रेग्युलर, म्हणजे आपलं साधं पेट्रोल, पावणेचार डॉलरच्या आसपास होतं आणि डिझेल पाच डॉलरच्या वर. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर, सव्वा-दीड डॉलरचा फरक आणि तोही डिझेलच्या बाजूने. मी फोटो काढला आणि अप्पांना पाठवून दिला.

रात्री फोन आला. "हे आकडे उलटे लागलेत का रे?"

अप्पांनी तीस वर्षं गाडी चालवली. नाशिकच्या आडगाव नाक्यावरून लोड घ्यायचा, कसारा घाट उतरायचा, वाशी मार्केटला खाली करायचा आणि परतीचं भाडं मिळेपर्यंत तिथेच गाडीखाली झोपायचं. आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, मग स्वतःची गाडी. त्यांच्या डोक्यात डिझेल म्हणजे स्वस्त आणि पेट्रोल म्हणजे साहेब लोकांचं, हे इतकं पक्कं आहे की त्याला कारण लागत नाही. कारण विचारलंच तर ते सांगतात की डिझेल खालचं तेल आहे, जड असतं, कमी साफ करावं लागतं, मग ते स्वस्तच असणार ना. मला पण लहानपणापासून हेच माहीत होतं आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांना अजून हेच वाटतं. म्हणून मी त्यांना तेव्हा काही सांगू शकलो नाही, बघून सांगतो म्हणालो, आणि मग खरंच बसून बघितलं. बरेच दिवस गेले त्यात पण विषय घरातला आहे म्हणून नीट लिहून ठेवतोय.

आधी अप्पांचं म्हणणं किती बरोबर ते सांगतो, कारण एकेकाळी ते बरोबरच होतं. कच्चं तेल तापवून उंच टॉवरमध्ये सोडतात, हलकी वाफ वर जाते, जड खाली राहते, वरच्या थरातून पेट्रोल निघतं, मधून रॉकेल आणि विमानाचं इंधन, त्याच्या खाली डिझेल आणि अगदी तळाला डांबर. पूर्वी डिझेलचं काम इथंच बरंचसं संपायचं. पेट्रोलला मात्र ऑक्टेन, म्हणजे इंजिनात वेळेआधी न पेटण्याचा गुण, वाढवायला पुढे बऱ्याच प्रक्रिया लागायच्या. अमेरिकेतही तेव्हा डिझेल बहुतेक वेळ पेट्रोलपेक्षा स्वस्तच असायचं, आपल्यासारखंच. हे उलटं झालं सप्टेंबर २००४ पासून. तेव्हापासून तिकडे महामार्गावरचं डिझेल जवळपास कायमच साध्या पेट्रोलच्या वर राहिलंय, मधले थोडे काळ सोडले तर.

मग २००४ च्या आसपास असं काय झालं? एकच कारण नाही. पण मला सगळ्यात आधी पटलं ते कारण ताईच्या तळघरात होतं.

तिच्या घराखाली एक लोखंडी टाकी आहे, २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या वर. थंडीत घर गरम ठेवायला जो बॉयलर चालतो तो या टाकीतल्या तेलावर. मी असतानाच टँकर आला, माणसाने घराच्या बाहेरच्या नळीला पाईप जोडला, तेल भरलं आणि बिल दारात अडकवून गेला. दाजींना विचारलं हे कसलं तेल, तर म्हणाले डिझेलच समज, फक्त लाल रंग टाकलेला असतो. आणि ते खरं आहे. घर तापवायचं तेल आणि गाडीचं डिझेल एकाच थरातून निघतं, आता तर त्या भागात दोन्हीतला सल्फरही सारखाच कमी ठेवावा लागतो. लाल रंग एवढ्यासाठी की या तेलावर रस्त्याचा टॅक्स लागत नाही, शेतातल्या ट्रॅक्टरच्या डिझेललाही नाही, मग कोणी ते ट्रकमध्ये ओतून रस्त्यावर आणलं तर टाकीत बघून ओळखता यावं.

आता विचार करा, ईशान्य अमेरिकेतली लाखो घरं थंडी सुरू झाली की त्याच तेलाला हात घालतात ज्यावर देशातले सगळे ट्रक, रेल्वे इंजिनं, ट्रॅक्टर आणि बांधकामाची मशीन चालतात. वर शेतीची काढणी पण त्याच सुमारास. पेट्रोलचं उलटं आहे, ते उन्हाळ्यात लोक सुट्ट्यांना बाहेर पडतात तेव्हा चढतं आणि हिवाळ्यात उतरतं. म्हणून नोव्हेंबरमध्ये मला फरक एवढा मोठा दिसला. मी जूनमध्ये गेलो असतो तर तो बराच कमी दिसला असता, कारण जून २०२२ मध्ये तिकडे देशभराची सरासरी पेट्रोल ५ डॉलर आणि डिझेल ५.८० च्या थोडं वर अशी होती, दोन्ही एकदमच चढलेली.

डिझेलची मागणी वाढली की जास्त डिझेल काढा, असं सहज वाटतं. पण रिफायनरी म्हणजे उसाचा चरक नाही की फक्त रसच हवा तर रस. एका बॅरलमध्ये ४२ गॅलन कच्चं तेल असतं, अमेरिकेत त्यातून साधारण १९-२० गॅलन पेट्रोल निघतं आणि ११ ते १३ गॅलन डिझेल. तिकडच्या रिफायनऱ्या कित्येक वर्षं जास्तीत जास्त पेट्रोल निघावं याच हिशोबाने बांधत आणल्यात, कारण तिकडच्या जवळपास सगळ्या कार पेट्रोलवर. प्रमाण थोडं इकडे तिकडे करता येतं, फार नाही. म्हणजे मागणी चढली तरी माल तेवढाच, मग भाव चढणार. आपल्या कांद्याचं जे होतं तेच की, आवक थोडी कमी पडली तरी लासलगावला भाव कुठल्या कुठे जातो.

त्यात पूर्व किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी रिफायनरी, फिलाडेल्फियाची, जून २०१९ मध्ये आग लागून बंद पडली ती कायमचीच. १ जानेवारी २०२० पासून जगातल्या जहाजांच्या इंधनात सल्फरची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली, मग जहाजंही डिझेलच्या भाऊबंदांकडे वळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि युरोप, जो वर्षानुवर्षं रशियाकडून डिझेल घ्यायचा, तो दुसरीकडे शोधू लागला, पुढे ५ फेब्रुवारी २०२३ पासून तर त्यांनी समुद्रमार्गे येणारं रशियन डिझेल बंदच केलं. म्हणजे ताईच्या गावच्या पंपावर जो आकडा मी बघितला त्यात एवढ्या सगळ्यांची ओढाताण होती.

आता सल्फर. अप्पांचं "कमी साफ केलेलं तेल" इथे पूर्ण खोटं ठरतं. अमेरिकेत २००६ पासून महामार्गावरच्या डिझेलमधला सल्फर ५०० पीपीएमवरून १५ वर आणायला सुरुवात झाली. पीपीएम म्हणजे दहा लाख भागात किती भाग. हे करायला डिझेल भरपूर दाबाखाली, भरपूर तापवून हायड्रोजनबरोबर फिरवावं लागतं, तो हायड्रोजन वेगळा बनवावा लागतो आणि त्याची युनिट बांधायला खर्च अफाट. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, आला, सल्फर ५० वरून १० पीपीएमवर. माझा एक शाळेतला मित्र मायकोत आहे, म्हणजे आता बॉश, पण नाशिककरांच्या तोंडात अजून मायकोच आणि सर्कलही मायको सर्कलच. तिथे डिझेल इंजिनाचे नोझल बनतात. तो सांगतो की नोझलची भोकं जवळपास केसाच्या जाडीची असतात आणि डिझेल त्यातून एवढ्या प्रचंड दाबाने फवारलं जातं की पूर्वीचं तेल त्यात घालायचा विचारही करू नये, आणि मागे धूर साफ करायचं जे फिल्टर आणि कॅटॅलिस्ट असतं ते तर सल्फरने खराबच होतं. म्हणजे आजचं डिझेल हे अप्पांच्या वेळचं काळ्या धुराचं डिझेल राहिलेलंच नाही. आपल्या शहरातलीच माणसं ज्या मशीनचे पार्ट बनवतात त्या मशीननीच तेल साफ करायला लावलं हे मला वाचताना फार भारी वाटलं.

अजून एक गोष्ट, लिटरला लिटर लावून तुलना करणं तसं बरोबर नाही. डिझेल जड असतं, एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण बारा-चौदा टक्के जास्त ऊर्जा असते आणि डिझेल इंजिन तिचा उपयोगही जास्त चांगला करतं. म्हणून डिझेल गाडी अॅव्हरेज जास्त देते. थोडं महाग असणं त्या हिशोबाने गैर नाहीच.

आणि मग टॅक्स. अमेरिकेत केंद्राचा टॅक्स पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट, १९९३ पासून हेच आकडे आहेत. डिझेलवर सहा सेंट जास्त, कारण डिझेल जाळणारा मोठा ट्रक रस्ता जास्त झिजवतो असा तिकडचा विचार. राज्यांचे टॅक्स वेगळे.

आपल्याकडे बरोबर उलटा विचार. डिझेल म्हणजे शेतकऱ्याचा पंप, एसटी, मालाची गाडी, ते महागलं की सगळंच महागणार, म्हणून त्यावर टॅक्स कमी. मे २०२२ च्या कपातीनंतर केंद्राचा कर पेट्रोलवर लिटरला १९.९० रुपये आणि डिझेलवर १५.८० होता. राज्याचा व्हॅट जुलै २०२२ मध्ये खाली आणल्यावर नाशिककडे पेट्रोलला २५ टक्के आणि वर पाच रुपये बारा पैसे, डिझेलला २१ टक्के. बस, आपल्या पंपावर पेट्रोल शंभराच्या पुढे आणि डिझेल नव्वदीत दिसत होतं ते मुख्य या दोन ओळींमुळे. तेलामुळे नाही. टॅक्स काढून टाकले तर रिफायनरीच्या दारात डिझेल बऱ्याचदा पेट्रोलच्या बरोबरीने किंवा थोडं वरच असतं, आपल्याकडे पण.

हे अप्पांना पटेना तेव्हा मी दोन उदाहरणं दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला डिझेल पेट्रोलच्या पुढे गेलं होतं, का तर ओडिशात दोन्हीवर व्हॅट सारखाच, २६ टक्के. दुसरं दिल्ली. मे २०२० मध्ये दिल्ली सरकारने डिझेलचा व्हॅट वाढवून ३० टक्के केला आणि २४ जून २०२० ला दिल्लीत पेट्रोल ७९.७६ आणि डिझेल ७९.८८ झालं. बारा पैशांनी का होईना पण डिझेल वर. जुलैअखेर त्यांनी व्हॅट परत १६.७५ टक्क्यांवर आणला आणि एका दिवसात डिझेल आठ रुपयांहून जास्त उतरलं. तेल तेच होतं, आदल्या दिवशी टाकीत होतं तेच.

अप्पा गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याला स्वस्त पडत होतं ते कोणीतरी ठरवलं म्हणून."

हो, आणि कधी कधी फारच जास्त ठरवलं. अप्पांच्या जुन्या डायऱ्या आहेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, त्यात तारीख, लोड, डिझेल, टोल, हमाली, पोराला वडापाव, सगळं लिहिलेलं. नव्वदच्या दशकात डिझेल पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास होतं. पेट्रोलचे भाव सरकारने जून २०१० मध्ये मोकळे केले पण डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले, त्यामुळे मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ आणि डिझेल ४१ अशी अवस्था होती. शेतकऱ्यासाठी आणि ट्रकवाल्यासाठी ठेवलेला स्वस्त भाव मग मोठमोठ्या गाड्यांत जाऊ लागला, तेव्हा आमच्या कॉलनीत ज्याला बघावं तो डिझेल कार घेत होता, दिवसाला दहा किलोमीटर फिरणारा सुद्धा. तो भार शेवटी सरकारी तिजोरीवर आणि तेल कंपन्यांवर, म्हणजे फिरून आपल्यावरच.

आणि भावातल्या फरकाची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्याने बघितलीय. रेशनचं रॉकेल निळं का असायचं? तेच कारण जे ताईच्या तेलाच्या लाल रंगाचं. रॉकेल डिझेलहून स्वस्त असायचं, डिझेलमध्ये मिसळलं की पटकन कळायचं नाही, मग निळा रंग. पण रंग टाकून भेसळ थांबली नाही. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, मुंबईहून पाईपलाईनने माल येतो आणि तिथून टँकर उत्तर महाराष्ट्रभर जातात. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मला अजून तो दिवस आठवतो, अप्पा संध्याकाळी टीव्हीसमोर उभेच राहिले होते, बसले नाहीत. त्या रस्त्याने त्यांची गाडी कितीदा गेलेली. लिटरमागच्या काही रुपयांच्या फरकासाठी एका माणसाचा जीव गेला. म्हणून डिझेल स्वस्त ठेवलं की गरिबाचं भलं होतंच असं कोणी सरळ म्हणालं की मला ते तसंच्या तसं मान्य करता येत नाही.

पण मग ट्रकवाल्याने काय करायचं? मला वाटलं होतं विषय इथे संपेल, अप्पांना मात्र पुढचंच हवं होतं. त्यांनी विचारलं, "तिकडे एवढं महाग डिझेल घालून त्या लोकांना परवडतं कसं?"

हे मी दाजींच्या शेजाऱ्यांना विचारलं होतं, ते एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशोबाचं काम बघतात. अमेरिकेत ऊर्जा खात्याची आकडेवारी काढणारी संस्था दर आठवड्याला, सोमवारच्या भावाने, देशभरातल्या डिझेलची सरासरी जाहीर करते. आणि मालवाहतुकीच्या बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं की अमुक भाव धरून हे भाडं ठरलंय, सरासरी त्याच्या वर गेली की मैलामागे एवढे सेंट वेगळे द्यायचे. बिलावर त्याची वेगळी ओळ असते. डिझेल उतरलं की ती रक्कमही उतरते. भांडण नाही, हातापाया पडणं नाही, दोघांनाही तो सरकारी आकडा मान्य. सगळ्यांना मिळतं असं नाही, एकटा गाडी चालवणारा तिकडेही बऱ्याचदा नुसत्या ठरीव भाड्यावर जातो, पण पद्धत आहे आणि ती चालू आहे.

अप्पांनी हे मला दोनदा सांगायला लावलं. त्यांच्या आयुष्यात डिझेल किती वेळा वाढलं त्याला गणती नाही, पण भाडं वाढवून मागितलं की व्यापारी एकच बोलायचा, "नसेल परवडत तर नाक्यावर दुसऱ्या गाड्या उभ्या आहेत." आणि खरंच उभ्या असायच्या. आता तर १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला भाव बदलू शकतो, आणि भाडं मात्र सीझनच्या सुरुवातीला तोंडी ठरलेलं. मोठ्या कंपन्यांच्या करारात आपल्याकडेही डिझेलवाढीचं कलम असतं, पण पिंपळगावहून कांदा किंवा द्राक्ष भरणाऱ्या एका गाडीच्या मालकाच्या हातात कसला करार. मला राग याचा येतो. डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असो नाहीतर स्वस्त, वाढलेला रुपया शेवटी स्टेअरिंगवर बसलेल्याच्या खिशातूनच का जावा.

त्या रात्री अप्पांनी माझ्या चुलत भावाला फोन लावला, गाडी आता तो चालवतो. जून २०२० चा हिशोब दे म्हणाले. त्या महिन्यात ७ तारखेपासून रोज भाव चढत गेला होता आणि तीन आठवड्यांत डिझेल लिटरला दहा रुपयांहून जास्त वाढलं होतं. नाशिक-वाशी जाऊन येऊन ३४० किलोमीटर, गाडी चारचं अॅव्हरेज देते, म्हणजे फेरीला ८५ लिटर. दहा रुपयांनी ८५० होतात. वाढ पूर्ण झाल्यानंतर महिन्याला बारा फेऱ्या धरल्या तर १०,२०० रुपये, आणि भाडं मे मध्ये होतं तेच.

अप्पांनी तो आकडा डायरीच्या मागच्या पानावर लिहिला, खाली रेघ मारली आणि भावाला विचारलं, "पुढच्या सीझनला बोलताना हे कागदावर घेऊन जाशील का?"

तो म्हणाला, "दोघं जाऊ अप्पा. तुम्ही पण चला."